आवाजासाठी जोडलेला संगणक

१२ जानेवारी, रविवार

अकरा फेब्रुवारीला बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र पूर्ण काढणार. परळच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं: श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक, आणि बोलणं बंद. बाबा मान हलवत ऐकत होते, जणू शेजाऱ्याच्या नळाच्या दुरुस्तीबद्दल चाललंय. मुलुंडला उतरून रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "चला, आता तुझ्या आवशीक भांडूक कोणी नाय." आई बाहेर बघत बसली. मला हसू आलं नाही.

ऑफिसातल्या सुयोगने एक सॉफ्टवेअर दिलंय. माणसाने काही तास वाक्यं वाचायची, संगणक त्यावरून त्याचा आवाज शिकतो, आणि मग आपण टाइप केलेलं काहीही त्या आवाजात बोलतो. ऑनलाइन हेच करून देणाऱ्या कंपन्या आहेत, पण बाबांचा आवाज कुठल्यातरी परक्या ठिकाणी पाठवायचा हे मला सहन होत नाही. घरात मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला संगणक आहे. त्यात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. सुयोग म्हणाला, दुप्पट मेमरी लागेल. म्हणून काल लॅमिंग्टन रोडवरून आणखी दोन आणल्या. तीच कंपनी, तेच मॉडेल, खोक्यावर वेगही तोच, ३६००.

दुपारी चारही बसवल्या, खोक्यावरचा वेग लावला आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळाच. बाबा दारातून बघत होते. "मेलो काय?" म्हणाले. मी म्हटलं, रुसलाय.

१३ जानेवारी, सोमवार

ऑफिसची मीटिंग कानाला लावून दिवसभर हेच केलं. एकेक पट्टी एकटी लावून तपासली. चारही निर्दोष. जुनी जोडी नीट चालते, नवी जोडीही नीट चालते. चौघी एकत्र आल्या की बिनसतं. आईला सांगितलं तर तांदूळ निवडत म्हणाली, "मगे? चार जावा एका चुलीर कधी नांदल्यात?"

वेग कमी केला तर बहुतेक चालेल. पण खोक्यावर ३६०० लिहिलंय. मी सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचा पगार घेते. लिहिलंय ते मिळालंच पाहिजे, ही माझी सवय आहे. शिवाय वेग कमी म्हणजे आवाज शिकवायला वेळ जास्त, आणि वेळच तर नाही. इंटरनेटवर लोक म्हणतात, मेमरीला थोडं व्होल्टेज वाढवून द्या. १.३५ होतं, १.३८ केलं. संगणक सुरू झाला! अर्ध्या तासाने निळा पडदा दाखवून बंद पडला.

१६ जानेवारी, गुरुवार

व्होल्टेज १.४० केलं. आता बंद पडत नाही. मेमरीच्या चाचणीची पहिली फेरी स्वच्छ गेली. नियमाने अशा निदान चार फेऱ्या करायच्या असतात, त्याला रात्र आणि पुढची सकाळ जाते. बाबांचा आवाज सकाळीच काय तो बरा असतो, जेवणानंतर बसतो. सकाळ घालवणं परवडणार नाही, म्हणून एका फेरीवर थांबले.

ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला चांगलं झापलं असतं. हे मनात आलं, म्हणून लिहून ठेवते.

१८ जानेवारी, शनिवार

आज पहिलं रेकॉर्डिंग. दाराला गादी लावली, पंखा बंद, कुकर बंद. आईला खालच्या मजल्यावर जानकीकाकूंकडे पाठवलं. जाताना ती म्हणाली, "जित्या माणसाचो आवाज बरणीत कित्याक भरतास गो? लोणचा घालतास?" मी म्हटलं, आई, नंतर तूच माझे आभार मानशील. ती चपला घालून गेली.

सॉफ्टवेअरची वाक्यं अशी आहेत: 'पुण्याहून निघालेली गाडी वेळेवर पोहोचली.' 'कृपया मला एक ग्लास पाणी द्या.' बाबा चष्मा लावून शाळेतल्यासारखे उभ्याने वाचत होते. दहा वाक्यं झाली की मालवणी घुसायचीच. 'पाणी'चं 'पानी' नाही व्हायचं, पण 'द्या'चं 'दी' व्हायचं, 'मला'चं 'माका'.

"बाबा, लिहिलंय तसंच वाचा. नाहीतर ते गोंधळतं."

"हां, मास्तरीण."

"आणि मध्ये माझ्याशी बोलू नका."

मग ते निमूट वाचत राहिले. मी हेडफोन लावून पडद्यावरच्या रेषा बघत होते. आवाज उमटला की रेषा जाड होते. बाबांची रेषा वाक्याच्या शेवटी बारीक होत जाते.

२२ जानेवारी, बुधवार

रोज सकाळी तासभर होतंय. संगणक एकदाही बंद पडला नाही. सुयोगला फोटो पाठवला, त्याने 'झकास' लिहिलं.

आज मला एक सुचलं. बाबांचा खरा आवाज गाऱ्हाण्यात आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कोकणातली सात-आठ घरं आहेत. कुणाचं दुकान उघडो, मुलगी परीक्षेला बसो, नवी स्कूटर येवो, धाकूभाऊंना, म्हणजे बाबांना, बोलावणं येतंच. देवापुढे नारळ ठेवायचा, बाबांनी हात जोडून ग्रामदेवतेला साकडं घालायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबांचा आवाज तेव्हा जिन्यात ऐकू जायचा. गेल्या गणपतीपासून मात्र ते कुणाकडे गेलेले नाहीत.

तर त्यांना म्हटलं, आज वाक्यं नकोत, गाऱ्हाणं घाला. ते खूश झाले. शर्टाचं वरचं बटण लावलं, माइकसमोर हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, पाठीमागच्या चाळ्यागतीच्या म्हाराजा, आज ह्या लेकरान जा काय मनात आणल्यान हा, ता तू मान्य करून घे रे म्हाराजा..."

आणि थांबले. हेडफोनमध्ये नुसती शांतता. मी हाताने खूण केली, पुढे बोला. ते रिकाम्या खोलीकडे बघत होते.

"कोण नाय," म्हणाले.

"बाबा, दोन आवाज एकत्र आले तर रेकॉर्डिंग फुकट जाईल. 'व्हय म्हाराजा' नंतर जोडता येईल."

"ता नंतर जोडूचा नसता."

दोनदा पुन्हा सुरू केलं, दोन्ही वेळा तिथेच अडकले. शेवटी मी चिडून पुण्याच्या गाडीची वाक्यं काढली. तीही त्यांनी वाचली, पण मन नव्हतं. अख्खी सकाळ गेली.

२५ जानेवारी, शनिवार

घसा दुखतोय, रेकॉर्डिंग नाही. नितेशदादाचा जहाजावरून व्हिडिओ कॉल आला. मार्च संपल्याशिवाय त्याला उतरता येणार नाही. त्याला वाटलं लाइन खराब आहे. "बाबा, जोरात बोला, ऐकू येत नाय." बाबांनी जोर लावला तरी तो तेच म्हणत राहिला. मग आईने फोन घेतला आणि म्हणाली, रेंज नाय रे.

२९ जानेवारी, बुधवार

वाट लागली.

सगळं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला दिलं तर निम्म्या फाइली त्याने नाकारल्या. उघडून बघितल्या. काही उघडतच नाहीत. काहींत शब्दाच्या मध्येच खट्ट आवाज, काहींत बाबांचा आवाज अर्धा सेकंद नाहीसाच. अठरा तारखेची सकाळ जवळजवळ पूर्ण गेली, आणि तीच सगळ्यात चांगली होती.

मग मेमरीची चाचणी लावली, या वेळी पूर्ण. दुसऱ्या फेरीत चुका सुरू झाल्या आणि थांबल्याच नाहीत. म्हणजे संगणक पहिल्या दिवसापासून चुकत होता. वाढीव व्होल्टेजवर तो उभा राहिला, एवढंच. मेमरीत एखादा कण इकडचा तिकडे झाला तर संगणक ओरडत नाही. चुकलेलंच नीट गुंडाळून ठेवून देतो आणि सगळं ठीक आहे असं सांगतो. हे मला माहीत होतं. याच कामाचे मला पैसे मिळतात.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर बाबा आणि आई दोघंही टीव्हीसमोर बसले होते, टीव्ही बंद होता.

३१ जानेवारी, शुक्रवार

वेग २६६६ वर आणला, व्होल्टेज नेहमीचं केलं. चाचणी कालपासून आज दुपारपर्यंत चालू ठेवली. एकही चूक नाही. चार जावा नांदायला लागल्या. हे मी तेरा तारखेला करू शकले असते. मला खोक्यावरचा आकडा हवा होता.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्यांचा आवाज आता सकाळीही घोगरा असतो.

"माझो आवाज गेलो?"

"निम्मा."

"मगे निम्मो आसा." आणि हसले.

मी म्हटलं, संगणक आता पक्का आहे, उद्यापासून पुन्हा वाचूया, रोज दोन तास केलं तर भरून निघेल. त्यांनी मान हलवली. "ती पुण्याची गाडी आता पुरे झाली. किती वेळा सोडशीत तिका? तू हय बस. तुका गाऱ्हाणा शिकवतंय."

मला आनंद झाला, कारण गाऱ्हाण्यात त्यांचा आवाज खुलतो. धावत जाऊन माइक लावला. ते संगणकाकडे बोट करून म्हणाले, खोको बंद कर. मी म्हटलं, बाबा, एका कोपऱ्यात चालू राहील, तुम्हाला कळणारही नाही.

"तो ऐकता हा म्हणान तू ऐकणस नाय. बंद कर."

आई आतून आली, हात पिठाचे. "बाईमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता. लोक काय म्हणतीत? नितेश येतलो, तेका शिकवा."

"नितेश येतलो तेव्हा मी खयसून शिकवू, प्रेमा?"

आई तशीच आत गेली. नंतर बराच वेळ पोळपाटाचा आवाज येत होता. आज भाकऱ्या होत्या, पोळपाट लागतो कशाला, कळलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गाऱ्हाणं पाठ करायला मला दहा मिनिटं लागली असती, पण बाबा लिहू देत नाहीत. ते एक ओळ म्हणतात, मी म्हणायची. "असा न्हय. शाळेत कविता म्हणतस काय? देवाकडे मागतंस तू. हक्कान माग."

आणि प्रत्येक मागण्यानंतर मला थांबवतात. मी आपली पुढच्या ओळीवर जाते.

"थांब. थय थांबाचा. समोरच्याक श्वास घेऊक दी. ते 'व्हय' म्हणतीत, मगे पुढे."

"समोर तर तुम्हीच आहात."

"मी आसंय ना? मगे मी म्हणतंय. व्हय म्हाराजा."

उत्तर द्यायला त्यांना मान खाली घालून जोर लावावा लागतो. मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, मी समजून घेईन. ऐकत नाहीत. मला आतून तडफड होतेय. संगणक ठणठणीत होऊन रिकामा बसलाय, दिवस हातातून चाललेत, आणि आम्ही आवाज माझ्यावर वाया घालवतोय. सुयोगला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे यार, निम्म्यावर जमतंय का बघ. बघते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आता शब्द कमी, कुजबूज जास्त. आज मी पूर्ण गाऱ्हाणं न अडखळता म्हटलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पुना." पुन्हा म्हटलं. "पुना." तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी माझा हात घेऊन स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

जानकीकाकू डबा परत द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "दिशा, गाऱ्हाणं तूच घालत होतीस काय गं?" म्हणाल्या. आई म्हणाली, "काय नाय, खेळ चललो हा बापलेकीचो." दार लावताना तिने जोरात लावलं. आईचा एवढा राग कशावर आहे, मला कळत नाही. मी कुणाचं काय बिघडवलं?

९ फेब्रुवारी, रविवार

उरलेल्या फाइलींवर सॉफ्टवेअर दोन दिवस चाललं. संगणक गरम झाला, चुकला मात्र नाही. दुपारी आवाज तयार झाला. मी टाइप केलं: 'मी धाकू. जेवण झालं का?'

आवाज बाबांचाच आहे. घसा त्यांचा, श्वास त्यांचा. पण शब्द स्वच्छ, सरळ, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. बाबांनी नीट ऐकून घेतलं. माझ्याकडे बघून कुजबुजले, "बरो आसा. वकील वाटता."

मग मी 'जेवान झाला?' टाइप करून बघितलं, तर ते त्याने इतक्या परकेपणाने म्हटलं की मीच बंद केलं. आयुष्यभर बाबा घरात जे बोलले, त्यातलं एकही वाक्य मी त्यांना माइकसमोर म्हणू दिलं नव्हतं. मी दिलेली वाक्यंच त्याला येतात.

आई दारात होती. "ह्यो कोण?" तिने विचारलं. थट्टेने नव्हतं विचारलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं. सकाळी बाबा स्वयंपाकघरात गेले, आणि त्यांनी आतून दार लोटून घेतलं. ते दार आमच्याकडे कधी लोटलेलं नसतं, त्याच्यामागे कांद्याची टोपली असते. ती सरकल्याचा आवाज आला. मी बाहेर बॅगेत टॉवेल, फाइल, रिपोर्ट भरत होते. आतून बाबांची कुजबूज येत होती, मध्येच आईचं "व्हय", पुन्हा कुजबूज. शब्द कळत नव्हते. माइक माझ्या टेबलावर होता, चार पावलांवर.

मी रेडिओ लावला आणि आवाज वाढवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. संध्याकाळी काचेतून बघितलं. डोळे उघडे होते. मी हात हलवला. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांना आठवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबा पाटीवर लिहितात. अक्षर मोठं, मालवणीत. 'चाय कडू.' 'प्रेमाक घराक धाड, झोपली नाय.' मी लॅपटॉपवर तो तयार केलेला आवाज नेला होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ऐकवला, त्याला फार आवडला. बाबांनी एकदा त्यावर नर्सकडे पाणी मागितलं. मग पाटी घेतली आणि लिहिलं, 'तू दमलंस. रागाव नको.'

मी रागावले नव्हते. मी खूप वाईट वाटून घेतलं होतं, ते त्यांना तसं दिसलं असेल.

२ मार्च, रविवार

बाबा घरी आले. गळ्याला पांढरी जाळी, त्यातून श्वासाचा सूं सूं आवाज. जिना चढताना बिल्डिंगमधली माणसं दारं उघडून उभी होती. सगळे "या, धाकूभाऊ" म्हणत होते आणि उत्तराची वाट बघावी की नाही, या संकोचात आत जात होते.

घरात आल्यावर बाबांनी हातपाय धुतले. देवाच्या फळीखाली स्वतःच पाट मांडला, नारळ ठेवला. मग मागे सरले आणि माझ्याकडे बोट केलं.

मी आईकडे बघितलं. ती वळून स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला. मी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, पाठीमागच्या चाळ्यागतीच्या म्हाराजा, तुझो धाकू आज मोठ्या दुखण्यातसून घराक इलो हा. तेका तू सांभाळून हाडलंस, तसोच पुढे सांभाळ रे म्हाराजा..."

आणि थांबले. तिथे थांबायचं असतं.

बाबा शेजारी उभे होते. त्यांनी मान खाली घातली, छाती भरली, जोर लावला. जाळीतून नुसती हवा आली. पुन्हा जोर लावला. पुन्हा हवा. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती बघितली. ऑपरेशनच्या दिवशीही नव्हती. मला पुढे जाता येईना. उत्तराशिवाय पुढे जायचं नसतं, एवढंच तर त्यांनी शिकवलं होतं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"व्हय म्हाराजा," आई आतून म्हणाली.

बारीक म्हणाली, घसा खाकरल्यासारखं. मी पुढचं म्हटलं. "जा काय वाकडानाकडा ह्या घरार इला आसात, ता उलट्या पायान मागे धाड रे म्हाराजा..."

थांबले तेव्हा आई बाहेर आली होती. ओले हात पदराला पुसत ती बाबांच्या बाजूला उभी राहिली, त्यांच्या दंडाला धरून.

"व्हय म्हाराजा," ती मोठ्याने म्हणाली, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलले.